शरणागत आणि घरभेदी

आषाढातील एका सायंकाळी आमचा एक जुना विद्यार्थी भेटीस आला. वय पन्नाशीच्या पुढचे. एका सरकारी कचेरीत हिशेबाच्या कामावर आहे. कचेरी कोणती, हे सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. चहा झाल्यावर आवाज खाली आणून त्याने सांगितले की, जे काम जागेवर झालेलेच नाही ते मोजमाप पुस्तिकेत झालेले दाखवून त्याची रक्कम उचलली गेल्याचे त्याच्या दृष्टीस पडले आहे. ही गोष्ट वर कळवावी की मुकाट्याने बसावे, याविषयी त्यास आमचा सल्ला हवा होता. सत्य बोलावे हे सुवचन आम्ही सारा जन्म फळ्यावर लिहीत आलो. आणि त्यास सांगितले काय? "अरे, मुलगी लग्नाची आहे, नोकरीची थोडीच वर्षे उरली आहेत, जपून राहा, बाबा." त्याने ऐकून घेतले. उंबरठ्याबाहेर पायांत वहाणा घालताना मात्र तो किंचित हसून म्हणाला, "खरे आहे, गुरुजी. सांगून मग जायचे तरी कोठे? त्या अमेरिकेच्या माणसाला निदान रशियाने ठेवून घेतले."

तो गेला, पण ते वाक्य मनातून जाईना. स्वतःच्या सरकारचे दुष्कृत्य उघड करणाऱ्या माणसास परके सरकार आश्रय देते, ते कशासाठी देते? आणि अशा आश्रयाच्या भरवशावर कोणी सत्य सांगावे काय? ह्या महिन्यात हाच विषय वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम शब्दाविषयी. अशा माणसास आपल्या भाषेत दोन नावे आहेत, आणि ती परस्परांच्या अगदी उलट आहेत. एक घरभेदी, दुसरे, वृत्तपत्रांनी अलीकडे ह्या अर्थाने रूढ केलेले, जागल्या. गावगाड्यातील जागल्या म्हणजे रात्री गावाची राखण करणारा. गाव निजे तेव्हा तो जागा राही आणि चोराची चाहूल लागताच हाक देई. शब्द उत्तम आहे; परंतु त्याच्यामागची एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. राखणीचे हे काम रामोशी, महार अशा जातींकडे असे, आणि त्यांची वस्ती गावाच्या कडेला किंवा वेशीबाहेर असे. ज्याच्या जागण्यावर आपले वाडवडील दारे लावून निर्धास्त निजत होते, त्यास त्यांनी दाराच्या आत घेतले नव्हते. हाक देणाऱ्याची गरज असावी, पण तो आपल्यात नसावा, ही वृत्ती आपल्या अंगी फार पूर्वीपासून मुरलेली आहे.

घरभेदी म्हटले की बिभीषणाचे नाव ओठांवर येते. वास्तविक वाल्मीकींच्या युद्धकांडात हा प्रसंग मोठ्या विचाराने मांडलेला आहे. बिभीषण आधी शत्रूकडे गेला नाही. सीतेला परत करा, हे त्याने स्वतःच्या राजाला, स्वतःच्या सभेत, तोंडावर सांगितले. तेथे अपमान झाला तेव्हा चार सोबत्यांसह तो समुद्र ओलांडून रामाकडे आला. इकडेही मतभेद झाला. सुग्रीव म्हणाला, हा हेर आहे, ह्यास ठार करावे. कोणी म्हणाले, आधी परीक्षा घ्यावी. हनुमंताने मात्र त्याच्या मुद्रेत आणि बोलण्यात कपट दिसत नाही असे सांगितले. अखेरीस रामाने निर्णय दिला की, शरण आलेल्यास परत पाठविता येत नाही. प्रत्यक्ष रावण आला असता तरी अभय दिले असते.

ह्या कथेत आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो घटनांचा क्रम. अभय आधी मिळाले. रावणाच्या सैन्याची माहिती रामाने त्यानंतर विचारली. आणि लंकेच्या राज्याचा अभिषेक त्याच्याही नंतर झाला. रामास राजकारण कळत नव्हते असे नाही. बिभीषणाला राज्याची इच्छा असेल, हे त्याने स्वतःच बोलून दाखविले आहे. तथापि माहितीचे मोल ठरवून त्याने अभय दिले नाही. शरणागताविषयी आपल्या परंपरेने घालून दिलेली कसोटी ती हीच होय. प्रत्यक्ष राजकारणात हा क्रम बहुधा उलटा असतो.

पुराणातून इतिहासात यावयाचे तर आम्हांस फार लांब जावयास नको. आमच्या तळवड्याहून निघून देहूरोड आणि तळेगाव ओलांडले की वडगाव मावळ लागते. 1779 च्या जानेवारीत इंग्रजांची फौज येथे मराठ्यांच्या वेढ्यात सापडली आणि तिला शरण येऊन करार करावा लागला, हे सर्वांनी शाळेत वाचलेले असते. पण ती फौज घाट चढून आली होती कशासाठी? आपल्या एका आश्रिताला पुण्याच्या गादीवर बसविण्यासाठी! 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्या खुनाचा ठपका ज्यांच्यावर आला, ते रघुनाथराव पुढे इंग्रजांच्या आश्रयास गेले. 1775 च्या मार्चमध्ये सुरतेस तह झाला, त्यात आश्रयाची किंमत लिहून घेतलेली होती: साष्टी आणि वसई; शिवाय मदतीस येणाऱ्या फौजेचा खर्च. वडगावच्या करारात इंग्रजांनी ह्याच आश्रितास मराठ्यांच्या हवाली करण्याचे कबूल केले. त्यांच्या वरिष्ठांनी तो करार मानला नाही. रघुनाथरावही महादजी शिंद्यांच्या ताब्यातून निसटून पुन्हा सुरतेस गेले. शेवटी 1782 साली सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडे कायम राहिली आणि रघुनाथरावांचा पक्ष त्यांनी सोडून दिला. दरमहा 25,000 रुपयांच्या नेमणुकीवर ते कोपरगावी जाऊन राहिले आणि पुढल्या वर्षी वारले. मोल वसूल झाले तसा आश्रयही सरला.

आता त्याच प्रकरणातील दुसरा माणूस पाहा. नारायणरावांच्या खुनाची चौकशी करून, गादीवर बसलेल्या रघुनाथरावांना त्यांच्या तोंडावर दोषी ठरविणारे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे. राज्याचा सेवक राज्याच्या धन्याचा अपराध बोलून दाखवितो, हा आजच्या अर्थाने जागल्याच नव्हे काय? रामशास्त्र्यांनी पुणे सोडले. पण ते इंग्रजांकडे गेले नाहीत, निजामाकडे गेले नाहीत. वाईकडच्या एका खेड्यात जाऊन राहिले, आणि बारभाईंचा कारभार सुरू झाल्यावर त्यांस सन्मानाने परत बोलाविण्यात आले. त्यांच्यापाशी साष्टी नव्हती, वसई नव्हती. परक्या दरबारात त्यांच्या सत्याला काय भाव आला असता? अपराध्यास परका आश्रय मिळाला, कारण त्याच्याजवळ देण्यासारखे काही होते. सत्य सांगणाऱ्यास घरच्या माणसांनीच जागा राखून ठेवली, म्हणून तो टिकला.

आश्रयाचे राजकारण पुढे आंतरराष्ट्रीय न्यायापर्यंत पोहोचले, तेही एका मराठी माणसाच्या निमित्ताने. 13 मार्च 1910 रोजी लंडनमध्ये विनायक दामोदर सावरकरांस अटक झाली आणि त्यांना 'मोरिया' बोटीतून हिंदुस्थानात आणले जात होते. 8 जुलैच्या सकाळी मार्सेलिस बंदरात बोटीच्या लहानशा खिडकीतून त्यांनी समुद्रात उडी घेतली, पोहून धक्का गाठला आणि ते फ्रान्सच्या भूमीवर धावू लागले. फ्रेंच पोलिसाने त्यांस पकडले आणि बोटीवरच्या पहाऱ्याच्या स्वाधीन केले. सावरकर हे सरकारी गुपिते फोडणारे नोकर नव्हते. राज्य उलथू पाहणारे क्रांतिकारक होते, हा भेद आम्ही विसरत नाही. परंतु राजकीय आरोपीने परक्या भूमीवर पाय ठेवल्यावर त्यास आश्रयाचा हक्क आहे काय, हा प्रश्न तोच. फ्रान्समधील समाजवाद्यांनी मोठा गहजब केला. कार्ल मार्क्सचे नातू झाँ लाँगे त्यांत पुढे होते. फ्रान्सच्या सरकारने सावरकरांस परत मागितले. इंग्लंडने नकार दिला, आणि प्रकरण हेगच्या लवादापुढे गेले.

24 फेब्रुवारी 1911 रोजी पाच लवादांनी निकाल दिला. फ्रेंच पोलिसाने कैदी स्वाधीन करण्यात अनियमितपणा झाला, हे त्यांनी मान्य केले. परंतु तेवढ्यामुळे कैद्यास परत देण्याचे बंधन इंग्लंडवर येत नाही, असे ठरविले. चूक झाली, पण ती दुरुस्त करण्याचे कारण नाही, असा ह्याचा सरळ अर्थ. निकालाआधीच, 30 जानेवारीस, सावरकरांना दुसरी जन्मठेप सुनावून झाली होती. ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की, 1904 पासून इंग्लंड आणि फ्रान्स यांचे सख्य झाले होते आणि जर्मनीच्या भीतीने ते दृढ होत होते. एका परदेशी कैद्यासाठी ते सख्य मोडावयास कोण तयार होणार? उलट त्याच 1910 साली, एप्रिलमध्ये, बडोद्यास प्राध्यापक राहिलेले अरविंद घोष फ्रेंचांच्या पाँडिचेरीस पोहोचले आणि इंग्रजांच्या हाती न पडता 1950 साली देह ठेवीपर्यंत तेथेच राहिले. राज्य एक, वर्ष एक, आणि आश्रयाचे फळ मात्र दोघांस निरनिराळे. ज्या हक्काचा उपयोग असा दैवावर अवलंबून असतो, त्यास हक्क तरी कसे म्हणावे?

आता आमच्या विद्यार्थ्याने उल्लेखिलेला 'अमेरिकेचा माणूस'. एडवर्ड स्नोडेन हा अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेचे काम करणारा तरुण. 2013 च्या जूनमध्ये त्याने वार्ताहरांना कागद देऊन दाखवून दिले की, ही संस्था स्वतःच्या कोट्यवधी नागरिकांच्या दूरध्वनींच्या नोंदी गोळा करीत आहे. भारतावरही अमेरिकेची पाळत असल्याचे त्याच कागदांतून बाहेर आले. पुढे 2015 साली अमेरिकेच्याच अपील न्यायालयाने ह्या नोंदी गोळा करण्यास कायद्याचा आधार नसल्याचे म्हटले, आणि संसदेने तो प्रकार थांबविणारा कायदा केला. म्हणजे हाक खोटी नव्हती. पण हाक देणाऱ्यावर 1917 च्या हेरगिरीच्या कायद्याखाली आरोप ठेवण्यात आले, त्याचा पासपोर्ट रद्द झाला, आणि हाँगकाँगहून निघालेला हा मनुष्य मॉस्कोच्या विमानतळावर महिनाभराहून अधिक काळ अडकून पडला.

तेथून त्याने सुमारे वीस देशांकडे आश्रयाचे अर्ज पाठविले. त्यांत भारत होता. 2 जुलै 2013 रोजी भारताने नकार कळविला. फ्रान्सनेही नकार दिला. त्याच दिवशी बोलिव्हियाचे राष्ट्राध्यक्ष इव्हो मोरालेस मॉस्कोहून परत जात असता, त्यांच्या विमानात स्नोडेन लपला असल्याच्या संशयावरून युरोपातील काही राष्ट्रांनी त्यांना आपल्या आकाशातून वाट दिली नाही, आणि एका सार्वभौम देशाच्या प्रमुखाला व्हिएन्ना येथे उतरून रात्र काढावी लागली. फ्रान्सने मागाहून दिलगिरी व्यक्त केली. आश्रय देऊ करणारे देश कोणते? व्हेनेझुएला, बोलिव्हिया, निकाराग्वा, आणि अखेरीस 1 ऑगस्टला रशिया. सर्व अमेरिकेशी वाकडे असलेले. 2022 साली रशियाने स्नोडेनला नागरिकत्वही दिले. परंतु त्याच 2022 च्या मार्चमध्ये त्याच रशियाने स्वतःच्या सैन्याविषयी 'खोटी' बातमी देणाऱ्यास पंधरा वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा कायदा केला. उलट बाजूही पाहावी. रशियाच्या सरकारी आशीर्वादाने खेळाडूंना उत्तेजक द्रव्ये दिली जात होती, हे उघड करणारे तेथील प्रयोगशाळेचे प्रमुख रॉड्चेन्कोव्ह 2015 साली देश सोडून गेले, ते अमेरिकेस. दुसऱ्याच्या घरचा जागल्या प्रत्येकास प्रिय असतो; आपल्या घरचा तेवढा घरभेदी ठरतो.

आणि असा आश्रय टिकतो तरी किती? जुलियन असांज यांनी 2012 च्या जूनमध्ये लंडनमधील इक्वेडोरच्या वकिलातीत पाऊल ठेवले आणि तेथील राष्ट्राध्यक्ष कोरेया यांनी त्यांस आश्रय दिला. इक्वेडोरमध्ये सत्ता पालटली, नव्या राष्ट्राध्यक्षांस अमेरिकेशी जुळवून घ्यावयाचे होते, आणि 11 एप्रिल 2019 रोजी आश्रय काढून घेऊन लंडनच्या पोलिसांस आत बोलावण्यात आले. सुमारे सात वर्षे एका घराच्या काही खोल्यांत आणि त्यापुढे पाच वर्षे तुरुंगात काढल्यावर, 2024 च्या जूनमध्ये एका आरोपाची कबुली देऊन ते आपल्या मायदेशी, ऑस्ट्रेलियास, परतले. वडगावापासून लंडनपर्यंत आणि 1779 पासून 2019 पर्यंत न्याय एकच दिसतो: आश्रितास कोणत्या दिवशी हवाली करावयाचे, हे यजमानाच्या सोयीने ठरते.

कायदा काय म्हणतो? 1948 च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातील चौदावे कलम छळापासून आश्रय मागण्याचा आणि तो उपभोगण्याचा हक्क प्रत्येकास देते. परंतु मागणाऱ्यास तो दिलाच पाहिजे, असे बंधन ते कोणत्याही राष्ट्रावर घालीत नाही. 1967 साली संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने असे जाहीर केले की, आश्रय देणे हे भूतदयेचे कृत्य असल्यामुळे दुसऱ्या कोणत्याही राष्ट्राने ते शत्रुत्वाचे समजू नये. वचन फार सुंदर आहे. ते किती पाळले जाते, हे मोरालेस यांच्या विमानाने दाखविले. भारताने तर 1951 च्या निर्वासितांविषयीच्या करारावर सहीच केलेली नाही. तथापि 1959 साली दलाई लामांस आश्रय देताना चीनचा रोष होणार, हे दिल्लीस दिसत होतेच. तरी तो दिला. मनात आले म्हणजे किंमत मोजावयाची ताकद आपल्यात आहे, हे त्यावरून सिद्ध होते.

मग 2013 साली भारताने स्नोडेनला नकार दिला तो अयोग्य काय? येथे सुग्रीवाचे म्हणणेही ऐकिले पाहिजे. प्रत्येक राज्यास काही गुपिते राखावीच लागतात. सैन्याची हालचाल उघड करणारा आणि सरकारचा अन्याय उघड करणारा यांत भेद करणे परक्यास सोपे नसते. शिवाय आश्रय मागणारे सगळेच बिभीषण नसतात, रघुनाथरावही असतात. आपल्याच बँकांचे पैसे बुडवून परदेशी गेलेले धनिक तेथे राहण्यासाठी छळाचेच कारण पुढे करतात, आणि त्यांना परत पाठवा म्हणून आपण परराष्ट्रांचे उंबरठे झिजवितो. अमेरिकेत आपल्यापैकी किती घरांची मुले आहेत, हेही कोणी विसरू नये. हे सारे खरे मानूनही आमचे मन पूर्णपणे संतुष्ट होत नाही. मार्सेलिसच्या धक्क्यावर आपल्या माणसाचे म्हणणे कोणी ऐकून घेतले नाही, ही तक्रार आपण शंभराहून अधिक वर्षे करीत आलो. ज्या राष्ट्राची ही आठवण आहे, त्याने आपल्यावरील पाळत उघड करणाऱ्याचे म्हणणे निदान पुरते ऐकून तरी घ्यावयास हवे होते. सुग्रीवाची शंका विचारात घेऊनच रामाने निर्णय दिला. पण आधी त्याने सर्वांचे ऐकिले.

असो. परक्या आश्रयाचा भरवसा नाही, एवढे निश्चित झाले. तेव्हा खरा प्रश्न घरचा आहे. डॅनिएल एल्सबर्ग यांनी 1971 साली व्हिएतनामच्या युद्धाविषयीचे अमेरिकेचे गुप्त कागद वृत्तपत्रांस दिले. ते पळाले नाहीत. स्वतः होऊन न्यायालयात हजर झाले. सरकारनेच त्यांच्याविरुद्ध गैरकृत्ये केल्याचे उघड झाल्यामुळे 1973 च्या मेमध्ये न्यायाधीशांनी खटला काढून टाकला, आणि एल्सबर्ग 2023 साली वृद्धापकाळी स्वदेशातच वारले. न्यायालय हाच त्यांचा आश्रय झाला. परंतु ह्याच एल्सबर्ग यांनी 2013 साली लिहिले की, स्नोडेन देश सोडून गेला ते योग्यच केले. आपल्या वेळचा देश आता राहिला नाही. म्हाताऱ्या माणसाने आपल्या देशाविषयी असे लिहावे, हे वाचून आम्हांस फार वाईट वाटले.

आपला देश कोणत्या पंक्तीत बसतो? सत्येंद्र दुबे ह्या तरुण अभियंत्याने सुवर्ण चतुष्कोण महामार्गाच्या कामातील भ्रष्टाचाराविषयी 2002 साली पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्र लिहिले आणि नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली. पत्र नावासकट खात्याखात्यांतून फिरले. 27 नोव्हेंबर 2003 रोजी गया येथे गोळी घालून त्यांचा खून झाला. तपासयंत्रणेने तो लुटीच्या हेतूने झाल्याचे म्हटले. हेतू काहीही ठरो, गुप्त ठेवावयाचे नाव गुप्त राहिले नव्हते. आणि आमच्या अगदी जवळचे उदाहरण तळेगाव दाभाड्याचे. तेथील सतीश शेट्टी सरकारी नोकर नव्हते. माहितीच्या अधिकाराचा उपयोग करून त्यांनी द्रुतगती मार्गालगतच्या जमिनींचे व्यवहार उजेडात आणले. जिवाला धोका आहे म्हणून त्यांनी पोलिसांचे संरक्षण मागितले होते. 13 जानेवारी 2010 रोजी सकाळी ते फिरावयास बाहेर पडले असता त्यांचा खून झाला. जानेवारी महिना, आणि वडगाव तेथून हाकेच्या अंतरावर! ज्या मावळात इंग्रजांचा आश्रित परत घेण्यासाठी आपण लढलो, त्याच मावळात आपल्या जागल्यास आपण राखू शकलो नाही.

दुबे यांच्या खुनानंतर 2004 साली केंद्र सरकारने एक ठराव करून तक्रारदाराचे नाव गुप्त ठेवण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपविले. त्यानंतर जागल्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने संमत केला आणि 9 मे 2014 रोजी त्यास राष्ट्रपतींची मान्यता मिळाली. तक्रारदाराची ओळख झाकली जावी, त्याचा छळ होऊ नये, जाणूनबुजून खोटी तक्रार करणाऱ्यास शिक्षा व्हावी, अशी त्याची योजना. परंतु कायदा संमत होणे वेगळे आणि तो लागू करण्याचा दिवस सरकारने जाहीर करणे वेगळे. 2024 साली दहा वर्षे पुरी झाली, तेव्हाही तो दिवस जाहीर झालेला नव्हता. मध्यंतरी तो कायदा अधिक आखूड करणारी दुरुस्ती मात्र मांडून झाली. घर बांधून कुलूप लावून ठेवावे आणि पाहुण्यास पावसात उभे करावे, तसा हा प्रकार आहे. पक्ष कोणताही असो, सत्तेवर बसलेल्यास जागल्या आवडत नाही, हाच ह्याचा अर्थ.

म्हणून कायद्याच्या आधीचा जो आश्रय, त्याविषयी चार शब्द लिहून हा लेख पुरा करू. तो आश्रय घरचा होय. कचेरीत काही विपरीत पाहून आलेला मनुष्य प्रथम बोलतो तो घरात. तेथे त्यास काय ऐकावयास मिळते? 'आपल्याला काय करायचे आहे', हे आपल्या सुशिक्षित घरांतील सर्वांत जास्त वेळा उच्चारले जाणारे वाक्य असावे. मुलांना पाठांतर करविताना आपण सत्याची थोरवी सांगतो, आणि तीच मुले नोकरीस लागली की त्यांना गप्प राहण्याचे शहाणपण शिकवितो. आम्ही हे दुसऱ्यास सांगत नाही; त्या सायंकाळी आम्हीच ते केले. हाक देणाऱ्यास वेशीबाहेर ठेवणारे गाव आमच्या पडवीतच भरले होते.

श्रावणात आम्ही त्या विद्यार्थ्यास निरोप पाठवून बोलाविले. तो पत्नीसह आला. आमचा सल्ला चुकला होता, हे आम्ही त्यास स्पष्ट सांगितले. तो काही बोलला नाही. बोलली ती त्याची पत्नी. "गुरुजी, दोन महिने ह्यांना धड झोप नाही. मुलीच्या लग्नाचे काय व्हायचे ते होईल. ह्यांना लिहू द्या, आणि कसे लिहायचे ते तेवढे तुम्ही सांगा." मग आम्ही तिघे बसलो. त्याने आणलेल्या मसुद्यात 'नीच', 'लुटारू' अशी विशेषणे होती, ती आम्ही खोडली. तारखा, पुस्तिकेचे क्रमांक आणि रकमा तेवढ्या ठेविल्या. ज्याची नक्कल हाती नव्हती ती गोष्ट वगळावयास सांगितली. अर्ज लोकायुक्तांच्या नावे केला, पोचपावतीसह टपालाने पाठवावयाचे ठरले, आणि कागदांचा एक संच आमच्या कपाटात राहावा असे त्याच्या पत्नीने सुचविले. तो तेथे आहे.

पुढे काय होईल, हे आम्हांस सांगता येत नाही. बदली होईल, चौकशी लांबेल, कदाचित काहीच होणार नाही. निघताना त्याने पुन्हा उंबरठ्याबाहेर वहाणा घातल्या. ह्या वेळी रशियाचे नाव निघाले नाही. "पोचपावती आली की दाखवायला येतो, गुरुजी," एवढेच तो म्हणाला. आम्ही वाट पाहत आहोत.